शिडीवाली रेकॉर्ड

जळबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लग्न कुठल्याही गावचं असो, उजाडायच्या आत भोंगा झाडावर बोलला पाहिजे, असा त्या धंद्याचा नेम होता. नवरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी शिवारातल्या माणसालासुद्धा कळलं पाहिजे की आज गावात लग्न आहे.

आखाडा बाळापुरात गुलाबचंदशेठचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. भोंगे, मशीन, बॅटऱ्या, रेकॉर्ड वाजवायची पेटी, सगळं भाड्यानं मिळे. शेठ गल्ल्यावर बसे. सामान बैलगाडीत चढवणं, गावात उतरवणं, झाडावर चढणं, वायर ओढणं, भोंगा बांधणं हे जळबाकडे.

भोंगा बांधणं वाटतं तेवढं सोपं नाही. लोखंडी भोंगा पाठीला आवळून कडुनिंबावर चढायचं. फांदी आधी हातानं दाबून बघायची, मग पायानं, मगच अंगाचा भार द्यायचा. दोर ओला करून बांधायचा, म्हणजे वाळताना आवळतो. नुसती गाठ मारून खाली उतरणारे पुष्कळ होते. त्यांचा भोंगा दुपारच्या वाऱ्यानं फिरे, आणि गाणं मांडवाऐवजी ज्वारीच्या रानाला ऐकू जाई. जळबाचा भोंगा कधी फिरला नाही. अर्धं काम त्याला खपत नसे. दुसऱ्याचं नाही आणि स्वतःचंही नाही.

रेकॉर्डींवरची इंग्लिश नावं ना शेठला धड वाचता येत, ना जळबाला. म्हणून कव्हरावरच्या चित्रावरून नावं पडली होती. मोरवाली, झोपाळ्यावाली, लाल साडीवाली. शेठनं एकदा नांदेडहून जुन्या रेकॉर्डींची पेटी आणली, तिच्यात एक विलायती निघाली. कव्हरावर नांगरलेलं तांबडं शेत, आणि शेताच्या मधोमध एक लाकडी शिडी उभी. कशाला टेकलेली नाही. वर नुसतं आभाळ. मागच्या बाजूला केस वाढवलेल्या चार गोऱ्या पोरांचा फोटो. शेठनं ती दुकानात लावून बघितली तर ढोलाचा आणि गिटारीचा असा दणका उठला की समोरचा वाणी हातातलं माप तसंच धरून बाहेर आला.

"ही लग्नात लावली तर नवरी मांडवातून पळून जाईन," शेठ म्हणाला.

टाकून द्यायची म्हटलं तर शेठच्या जिवावर येई. मग तिला एक काम लागलं. तेव्हाची सुई जड असे, वाजवून वाजवून चांगली रेकॉर्ड झिजे. भोंगा तपासायला मोरवाली झिजवणं शेठला परवडत नव्हतं. शिडीवालीला गिऱ्हाईक नव्हतं. ती झिजली तरी कोण विचारतंय? शिवाय तिच्यात ढोल जाड होता आणि गिटार बारीक. भोंग्यात कुठं खरखर असली तर दोहोंपैकी एकात पकडली जायचीच. असं ठरलं, की भोंगा बांधताना शिडीवाली लावायची आणि काम झालं की, म्हणजे दुसरं गाणं रंगायच्या आतच, उचलायची.

त्यामुळं हट्ट्यापासून कळमनुरीपर्यंत कितीतरी गावांनी म्हशीच्या धारा काढताना ते विलायती गाणं ऐकलं. कोणाचं आहे, काय म्हणतंय, कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या आपापल्या सुनांना हाका मारीत, "उठा गं, गोरं भांडाया लागलं."

जळबाचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. झाडाखाली बसून पेटी सांभाळणारा गडी साखर कारखान्यावर गेला आणि परत आला नाही. शेठ दुसरा गडी देईना. जळबा वर, तर खाली सुई ठेवायला कोण? त्यानं बायकोला बरोबर घेतलं. रुक्माबाई हट्टा गावची. अंगानं बारीक, तोंडानं नाही. गाडीत भोंग्याशेजारी बसलेली नवी नवरी बघून पहिल्याच गावात पारावरच्या माणसांनी जळबाला टोचलं.

"काहून रे जळबा, बायकोला बी भोंग्यावर घेऊन चालला?"

"बांधते ते," रुक्माबाईनं पदराआडूनच उत्तर दिलं. "वाजवायचं काम माझं. घरी बी तसंच हाय."

पार हसला. जळबा खाली मान घालून दोर भिजवत राहिला.

तो झाडावर चढला, भोंगा फांदीवर टेकवला आणि वरून ओरडला, "ठेव!"

रुक्माबाईनं दूरवरून भोंगा ऐकला होता, भोंग्याच्या खाली कधी बसली नव्हती. तिनं सुई ठेवली आणि डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा तो ढोल पडला. ती दचकली. हात झटक्यानं मागे आला, आणि त्या हाताबरोबर सुई रेकॉर्डीवरून आडवी ओढली गेली. वर जळबाच्या कानात चर्र झालं.

"काय केलं गं?"

"म्या न्हाई केलं! तुमच्या गोऱ्यानं केलं!"

"पुन्ना ठेव. हळू ठेव."

तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली. पहिलं गाणं गेलं. दुसरं सुरू झालं, जरा पुढं गेलं आणि अडकलं. ढोलाचे दोन ठोके, मग गिटारीचा एक हेलकावा. पुन्हा दोन ठोके, पुन्हा तोच हेलकावा. पुन्हा तेच. खाली रुक्माबाईनं पदर तोंडात कोंबला होता. शेठची रेकॉर्ड गेली, आता नवऱ्याची नोकरी जाणार आणि सासरी पहिलं नाव निघणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

वर जळबा भोंगा फिरवत होता. आणि फिरवता फिरवता त्याच्या ध्यानात आलं. रोज गाणं पुढं पुढं जायचं, कुठं मोठं व्हायचं, कुठं बारीक. आवाज वाढला तो भोंगा नीट वळल्यानं की गाण्यामुळं, हे कळायचं नाही. अंदाजानं बांधावं लागे. आज तोच ठोका पुन्हा पुन्हा येत होता. भोंगा बोटभर इकडं केला की कान सांगे, पडला. बोटभर तिकडं केला की सांगे, उठला. मांडवाच्या बरोबर तोंडावर आवाज बसला तिथं त्यानं गाठ मारली. ओढून बघितली. मग ओरडला, "उचल!"

रुक्माबाईनं सुई उचलली. गाव गप्प झालं. जळबा खाली उतरला तेव्हा ती रडायच्या बेतात होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "रोज असंच अडकू दे."

शेठला कळलं तेव्हा त्यानं आधी तोंड सोडलं. मग चार लग्नांत भोंगा पहिल्याच गाठीला बसतो आणि गिऱ्हाईक कुरकुर करत नाही हे बघून शांत झाला. त्या दिवसापासून तीच रीत पडली. वरून जळबानं म्हणायचं, ठेव. शिडीवालीनं त्या जागी जाऊन अडकायचं. भोंगा बसला की म्हणायचं, उचल. त्या रेघेच्या पुढं रेकॉर्डीत काय आहे, हे दोघांनी कधी ऐकलं नाही. ऐकायचं कारणच नव्हतं. तिथं काम संपत होतं.

रुक्माबाईला ती शिडी फार आवडे. "तुमच्यावानीच कोणीतरी असन," ती म्हणे. "शिडी उभी केली न् भोंगा आणायचा इसरला."

"शिडी टेकवल्याबिगर कोण चढते? खुळा असन."

"मंग तुमचाच भाऊ."

जेवायला त्यांना शेवटच्या पंगतीनंतर बोलावत. कधी बोलावत, कधी पत्रावळ झाडाखाली येई. पत्रावळ आणणारा ती लांबूनच खाली ठेवी. रुक्माबाई मुकाट्यानं दोन घास खाई आणि तो माणूस जरा लांब गेला की म्हणे, "आवाज चालते आपला, हात चालत न्हाई." मग हसे. जळबाला ते हसू आवडत नसे. पण चौदा एप्रिलला स्वतःच्या वस्तीत भोंगा बांधताना ती दोघं फुकट राबत, आणि त्या दिवशी जळबा फांदी नेहमीपेक्षा वरची धरी. "अजून वर," रुक्माबाई खालून ओरडे. "तिकडल्या गल्लीला ऐकू जाऊ द्या."

मग कॅसेटी आल्या. पेटी, सुई, रेकॉर्डी गोदामात गेल्या. मुलगी झाली, दीक्षा, आणि रुक्माबाईचं भोंग्यावर येणं थांबलं. ती निंदणी-खुरपणीला जाऊ लागली. पुढं भोंगेही गेले, चारचाकीवरचे डीजे आले, आणि जळबानं हळदीच्या आडतीवर हमाली धरली. पाठीवर भोंग्याऐवजी पोतं आलं. पाठ तीच.

रुक्माबाईच्या तोंडात मात्र ते गाणं राहिलं. भाकरी थापताना, धुणं बडवताना ती ते गुणगुणे. दोन ठोके, एक हेलकावा. पुन्हा दोन ठोके, पुन्हा तोच हेलकावा. भाकरी तव्यावर पडली की थांबे. दीक्षाला लहानपणी वाटे, हे आईच्या माहेरचं गाणं आहे.

"माय, त्याच्या पुढचं म्हण ना."

"पुढचं न्हाईच त्याला."

"असं कसं? गाण्याला पुढचं असतेच."

"ह्याला न्हाई. तुझ्या बापाला इचार."

जळबा म्हणे, "तेवढंच हाय ते."

दोन वर्षांमागं, पोळ्याच्या अलीकडं, रुक्माबाई दुपारी ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. निवडता निवडता भिंतीला टेकली. जळबाला वाटलं, डोळा लागला. ऊन तिच्या पायावर आलं तरी तिनं पाय ओढला नाही, तेव्हा तो उठला.

दीक्षा वसमतला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती महिनाभर राहिली. तिनं आपल्या मोबाईलमध्ये, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, भाचरांच्या मोबाईलमध्ये आईचा आवाज शोधला. सापडला नाही. एका लग्नातल्या चित्रफितीत रुक्माबाई होती, पण कोणीतरी मोबाईल समोर धरल्याबरोबर तिनं पदर तोंडावर घेऊन मान फिरवली होती. ती फितीभर पाठमोरीच. फोनवर बोलायची वेळ आली तर ती तो कानाला न धरता भाकरीसारखा तळहातावर धरून लांबून ओरडायची. त्यातलं कोण जपून ठेवणार?

जळबा पुढंही चारला उठत राहिला. चूल पेटवायला कोणी नव्हतं म्हणून तो पेटवी. चहा करी. एक कप.

या वर्षी संक्रांतीनंतर गुलाबचंदशेठच्या सुनेचा, निलमचा निरोप आला. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात आता ती लग्नाच्या भेटवस्तू विकत असे. मागचं गोदाम मोकळं करायचं होतं.

"जळबाकाका, आतलं काय कामाचं आन् काय भंगार, मला कळत नाही. तुम्ही उभे राहून फक्त सांगा. उचलायला पोरं लावते."

"उभं राहून मजुरी घेत न्हाई मी, ताई. पोरं कशाला लावता?"

अडुसष्टाव्या वर्षी त्यानं ते गोदाम एकट्यानं उपसलं. भोंगे गंजून चाळणी झाले होते. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. रेकॉर्डींच्या पेटीला वाळवी लागली होती. मोरवालीचं कव्हर हातात घेताच माती झालं. लाल साडीवाली उन्हाच्या वेळी पत्र्याखाली वितळून पापडासारखी वाकली होती. सगळ्यांत तळाशी, दोन रेकॉर्डींच्या मध्ये दाबून बसलेली शिडीवाली निघाली. कव्हराचा एक कोपरा गेला होता. शिडी होती.

जळबानं ती बाहेर काढली आणि उन्हात तिरपी धरली. काळ्या पाठीवर बाहेरून आत जाणारी ती रेघ होती. केसाएवढी, जराशी वाकडी. सुरुवातीला उथळ, दुसऱ्या गाण्याच्या जागी खोल. त्यानं नख लावून बघितलं. नख अडलं.

तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. काम सोडून बसलेला जळबा निलमनं कधी बघितला नव्हता. ती पाणी घेऊन आली.

"काय झालं काका? चक्कर आली का?"

"न्हाई. मजुरीचं काय ठरवलं तुमी?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मला ही रेकॉर्ड आन् ती वाजवायची पेटी द्या. दुसरं काही नको."

"अहो, ते भंगारातच जाणार. तसंच न्या. मजुरी वेगळी घ्या."

"फुकट नको. मजुरीत धरा."

त्याला काय हवं होतं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण ते अगदी साधं होतं. रुक्माबाईच्या हातचं असं जे काही होतं ते सरलं होतं. लुगडी वाटून झाली होती. तिनं सारवलेली भिंत एका पावसाळ्यात उतरली. आवाज तर राहिलाच नव्हता. पण ही रेघ तिच्या हातानं ओढलेली होती, आणि ती रेघ आवाज करीत होती. एकदा, फक्त एकदा, सुई तिथं जाऊन अडकावी, ते दोन ठोके आणि तो हेलकावा पुन्हा पुन्हा यावा, आणि आपण म्हणावं, उचल. मग मेलो तरी चालेल असं तो मनात म्हणाला नाही; असली भाषा त्याला येत नसे. त्याला एवढंच वाटलं की हे काम राहिलेलं आहे.

दीक्षा सुट्टीला आली तेव्हा कव्हर बघून तिनं मोबाईल काढला. "बाबा, ही मोठी नावाजलेली रेकॉर्ड आहे. पुण्या-मुंबईची पोरं शोधत फिरतात. हे बघा, सगळी गाणी हितं आहेत. लावू?"

"नको."

"तेच गाणं आहे."

"ते न्हाई."

"बाबा, अक्षर न् अक्षर तेच आहे. आईचं ते गाणं ह्यातलंच का?"

"बंद कर म्हणलं ना!"

तो लेकीवर कधी ओरडत नसे. दीक्षानं मोबाईल खाली ठेवला आणि भाजी चिरायला बसली. चिरता चिरता तिच्या नकळत ती गुणगुणू लागली. दोन ठोके, एक हेलकावा. जळबा उठून बाहेर गेला.

पेटी मेलेली होती. ती फिरेना, बोलेना. जळबानं ती गोधडीत बांधली, रेकॉर्ड दोन फळ्यांच्या मध्ये धरली आणि एसटीनं हिंगोली गाठली. जुन्या बाजारात उत्तमसिंग म्हणून एक मिस्त्री होता. त्याच्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा, कपाळावर चढवलेला चष्मा. रेडिओ दुरुस्त करायचं काम शहरात कोणाला उरलं नव्हतं. तो पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून पोट भरत होता. गोधडी सुटली तसा तो खुर्चीवरून उठला.

"अरे बापरे! ही कुठून उचलून आणली? म्युझियममधून?"

"व्हईल का?"

"होईल तर सही. पण तकलीफ लई आहे. मोटर बांधावी लागंल, रबर गळालं. सुई हितं भेटत नाही, हैदराबादहून मागवावी लागंल. खर्च आहे, भाऊ. ह्याच्यापेक्षा नवी घ्या. आजकाल पोरांसाठी नव्या निघाल्या, सुटकेससारख्या."

"हीच पाहिजे. याच पेटीवर हीच रेकॉर्ड."

"गाणं आवडीचं दिसतंय."

जळबानं मागं बघितलं. दुकानात पंखा घ्यायला आलेली दोन माणसं उभी होती. रुक्माबाईचं नाव त्यांच्यापुढं काढायचं नव्हतं. तो म्हणाला, "किती दिवस लागतेत ते लागू द्या. पैसे पुरे घ्या. पण काम पुरं करा. अर्धं काम मी केलं न्हाई आन् मला चालत न्हाई."

उत्तमसिंगनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग हातातला पेचकस खाली ठेवून म्हणाला, "बराबर. मला बी चालत नाही. रेकॉर्ड हितंच ठेवून जा. वाजवून बघितल्याशिवाय मी काही हातात देत नसतो."

जळबानं रेकॉर्ड ठेवली.

पैसे हमालीतून उरलेले थोडे होते, पुरत नव्हते. लेकीकडं मागायचे नव्हते. हळद निघायला लागली होती. बाळापूरच्या शिवारात हळद शिजवायला रोज कोणाचा ना कोणाचा बॉयलर पेटलेला असे. जळबा एका शेतावर गेला. मुकादम सोमेश्वर त्याला मुलगा शोभेल अशा वयाचा.

"बाबा, तुमचं वय हाय का हे? घरी बसा, नातवंडं खेळवा."

"मी बसलो तं सांग. मंग मजुरी कापून घे."

शिजलेली हळद गरम असते. टोपल्यातून वाफ तोंडावर येते, डोळे चुरचुरतात, पायाखाली उन्हानं तापलेली जमीन. ती पसरायची, हातानं सारखी करायची, संध्याकाळी गोळा करायची. जाड थर राहिला तर आतून सडते. तरणी पोरं टोपलं उपडं करून पायानं ढकलत. जळबा उकिडवा बसून हातानं पसरी. सोमेश्वर दोन दिवस हसला, तिसऱ्या दिवशी पोरांना म्हणाला, "बाबासारखं टाका रे." जळबाचे गुडघे सुजले. बोटं पिवळी झाली, नखांच्या मुळात रंग असा बसला की साबणानं निघेना. शेतं बदलली, तो चालत राहिला. हळद संपत आली तेव्हा उत्तमसिंगचा निरोप आला.

जळबा धुतलेलं धोतर नेसून गेला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. उत्तमसिंगनं पेटी स्टुलावर मांडून ठेवली होती. पुसून काळी लखलखीत केलेली. बाजूला शिडीवाली.

"बसा, जळबाभाऊ. आधी ऐका, मग बोला."

त्यानं सुई ठेवली. भोंगा नव्हता, लहानसा स्पीकर होता, तरी तो पहिला ढोल आला तसे जळबाचे हात आपोआप वर गेले, फांदी धरायला जातात तसे. त्यानं ते मांडीवर आणून ठेवले. पहिलं गाणं गेलं. त्यातली एक एक जागा त्याला पाठ होती. इथं रुक्माबाई वर बघून डोळ्यावर हात धरी. इथं वायर ओढायची. दुसरं गाणं सुरू झालं. जळबा पुढं सरकला. आली. आता आलीच.

दोन ठोके. एक हेलकावा.

त्याचं तोंड उघडलं होतं. शब्द ओठांवर आला होता.

टक्, एवढा बारीक आवाज झाला. आणि गाणं पुढं गेलं.

तिसरा ठोका आला. चौथा आला. गिटार वेगळ्याच वाटेनं वर चढली, एक माणूस मोकळ्या गळ्यानं गायला लागला. जळबानं तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. इतक्या गावांत, इतक्या झाडांवर, इतक्या पहाटे वाजवलेल्या त्या रेकॉर्डीत हा माणूस रेघेच्या पलीकडं गात उभा होता. चांगला गात होता. जळबाला तो शेजारच्या घरात आलेल्या परक्या पाहुण्यासारखा वाटला.

"काही म्हणालात?" उत्तमसिंगनं विचारलं.

"न्हाई."

"आता बघा कशी चालते! आणली तेव्हा हितं अडकत होती. रेघ पडलेली, सुई मागं मागं घसरायची. म्हटलं, जळबाभाऊनं सांगितलंय, अर्धं काम नको. दोन दुपारी भिंग लावून बसलो. बारीक काडीनं खाच मोकळी केली, सुईला थोडं वजन देऊन तिथूनच चालवली, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. डोळे गेले माझे. पण आता अडकती का सांगा?"

"न्हाई अडकत."

"आवडलं नाही का?"

जळबानं रेकॉर्ड उचलून दारातल्या उजेडाकडं तिरपी धरली. रेघ होती, पण नुसती दिसण्यापुरती. त्यानं नख लावलं. नख सरळ निघून गेलं. कुठं ओरखडा नाही, कुठं काडी घसरलेली नाही. एवढ्या बारीक जागेत एवढं साफ काम करायला हात किती धरून ठेवावा लागला असेल, हे जळबाला कोणी सांगायची गरज नव्हती. रागवायला जागा नव्हती. एक वेळ त्याच्या मनात आलं, खिळ्यानं पुन्हा ओढावी. पण मग ती त्याची रेघ झाली असती.

"काम चांगलं हाय," तो म्हणाला. ते खरं होतं.

त्यानं धोतराच्या गाठीतून पैसे काढले. नोटांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. उत्तमसिंगनं मोजून काही नोटा परत सरकवल्या.

"ते रेकॉर्डीचं मी घेत नाही, भाऊ. मोटर आणि सुईचे घेतले. रेकॉर्डीचं माझ्या खुशीनं केलं."

"दोन दुपारी बसला ना तुमी?"

"बसलो, पण..."

"डोळे लावले ना?"

"ते सोडा हो."

"मग घ्या. कामाला बसल्या माणसाची मजुरी बाकी ठेवत न्हाई मी."

त्यानं नोटा उत्तमसिंगच्या मुठीत ठेवल्या आणि मूठ वरून दाबली. पेटी गोधडीत बांधली, गाठ मारली, ओढून बघितली.

हळदीच्या सबंध मोसमाची मजुरी होती ती. तिच्यात मोटर बांधून झाली, हैदराबादहून सुई आली, आणि रुक्माबाईच्या हातानं ओढलेली रेघ पुसून झाली.